कॅप्टनसाहेबांचं आडनाव

बॉयकॉट. क्रिकेटवेड्यांना आधी जेफ्री आठवेल, पण आपली गोष्ट त्याची नाही. हा चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. आयर्लंडच्या मेयो परगण्यात, लॉख मास्क तळ्याकाठी राहणारा, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. खंड वसूल करायचा आणि थकवणाऱ्याला जमिनीवरून उठवायचं, हे त्याचं काम.

साल १८८०. आधीची पिकं बुडालेली. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, मालक दहावर अडून बसला. सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा निघाल्या आणि कॅप्टनच्या अंगाला बोटही न लावता गावानं त्याच्याशी व्यवहार तोडला. लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार सामान देईना. बटाटे, सलगम शेतात तसेच. काढायला माणूस नाही.

त्याच दिवसांत तिथले पाद्री जॉन ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ जेवायला बसले होते. रेडपाथ जेवेना. एक शब्द अडला होता. या प्रकाराला म्हणायचं काय? इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' होता की! अथेन्सचे नागरिक खापरीवर नाव कोरून माणसाला हद्दपार करत. ती खापरी म्हणजे 'ऑस्ट्राकॉन', त्यावरून आलेला. पण कुळांच्या तो डोक्यावरून जाणार. पाद्रीबाबांनी खाली बघत कपाळावर बोटं आपटली आणि विचारलं, ''बॉयकॉट करणं' म्हटलं तर?'

आपल्याकडे हा घास अडला नसता. 'वाळीत टाकणं' पोराटोरांनाही कळतं. मात्र आपली जातपंचायत बहुधा दुबळ्या घराला वाळीत टाकते, त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. मेयोत कुळांनी साहेबालाच टाकलं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार या वळणाचा.

अखेर पीक काढायला उत्तरेकडून पन्नासएक मजूर आले आणि त्यांच्या राखणीला सैनिक-पोलीस मिळून हजारभर. पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले. आयरिश पुढारी पार्नेल यांनी हिशेब मांडला, एका सलगमाला एक शिलिंग!

२७ नोव्हेंबरला कॅप्टननं सहकुटुंब मुक्काम हलवला. गाडीवान मिळेना, म्हणून लष्कराच्या रुग्णगाडीतून. पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला. प्रवासात नाव सांगितलं, चार्ल्स कनिंगहॅम. आडनाव तेवढं गाळलं. न्यूयॉर्कच्या वार्ताहरांनी तरीही त्याला ओळखलंच.