विचारलेला प्रश्न किती दिवस जपायचा?

मित्रहो, नमस्कार.

पत्रिकेत आजचा विषय ‘सर्च इंजिन आणि खाजगी माहिती’ असा छापला आहे. खाजगी माहिती म्हटलं की आधार क्रमांक, बँकेचं खातं, पासवर्ड अशा गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्याबद्दल सावध राहायला आपण एव्हाना शिकलो आहोत, त्यामुळे त्यावर मी वेळ घेत नाही. मला बोलायचं आहे ते शोधाच्या चौकटीत आपण टाइप करतो त्या प्रश्नांबद्दल. छातीत डाव्या बाजूला दुखतं. नवऱ्यानं काढलेलं कर्ज बायकोला फेडावं लागतं का. मुलगा दहावीनंतर घरात कुणाशी बोलेनासा झालाय. माणूस हे घरच्यांशी बोलायच्या आधी, डॉक्टरची किंवा वकिलाची पायरी चढायच्या आधी तिथे विचारतो. आपण हे कुणाला तरी सांगतो आहोत, असं त्या क्षणी त्याच्या मनातही येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. असा प्रश्न हाती आल्यावर त्याचं उत्तर द्यावं आणि तो कुणी विचारला हे विसरून जावं. सर्च इंजिनं ते विसरत नाहीत, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं जपून ठेवतात. या सगळ्या व्यवहारातली मूळ चूक मला इथे दिसते. संमतीचे फॉर्म, जाहिराती, दंड हे सगळं त्याच्या पुढचं.

जपून ठेवलेल्या प्रश्नांचं काय होऊ शकतं, याचा धडा जगाला ऑगस्ट २००६ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागानं आपल्या साडेसहा लाख ग्राहकांनी त्या वर्षीच्या मार्च ते मे या तीन महिन्यांत केलेले सुमारे दोन कोटी शोध इंटरनेटवर खुले केले. हेतू वाईट नव्हता. विद्यापीठांतल्या अभ्यासकांना खरीखुरी माहिती मिळावी, एवढाच होता. ग्राहकांची नावं काढून टाकली होती आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. फाइलची रचना अगदी साधी होती. एका ओळीत पाच रकाने: ग्राहकाचा क्रमांक, त्यानं टाइप केलेले शब्द, तारीख आणि वेळ, यादीतल्या कितव्या दुव्यावर त्यानं क्लिक केलं, आणि तो दुवा कोणत्या साइटचा. अशा ओळींखाली ओळी. एकच क्रमांक धरून वाचत गेलात की त्या माणसाचे तीन महिने तुमच्यासमोर सरकू लागतात. रात्री दीडला काय शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय, आठवड्यानं पुन्हा तेच का.

न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी असाच एक क्रमांक निवडला. त्या क्रमांकानं आपल्या गावात माळीकाम करून देणारे कोण आहेत ते शोधलं होतं, आपल्या वस्तीत विकली गेलेली घरं शोधली होती, एकाच आडनावाची अनेक माणसं शोधली होती. गाव, वस्ती, आडनाव. काही दिवसांत बातमीदार जॉर्जिया राज्यातल्या एका वृद्ध विधवेच्या दारात उभे होते. शोध आपलेच आहेत हे तिनं मान्य केलं. एवढं सगळं कुणी तरी टिपून ठेवलं असेल याची तिला कल्पनाच नव्हती.

त्या यादीत आणखीही शोध होते. बोटं बधिर होणं. हात थरथरणं. तोंड कोरडं पडणं. निकोटिनचा शरीरावर परिणाम. बायपोलर. साठीतले एकटे पुरुष. ही यादी एखाद्या विमा कंपनीच्या माणसाच्या हातात पडली असती तर त्यानं काय अंदाज बांधला असता, याचा विचार करा. प्रत्यक्षात ती बाई आपल्या मैत्रिणींची दुखणी शोधत होती. कुणाला काही झालं की ती शोधून सांगायची, धीर द्यायची. धूम्रपान सोडू पाहणारी तिची एक मैत्रीण होती, निकोटिनचा शोध तिच्यासाठी होता. एका माणसाच्या खात्यात दुसऱ्यांची आजारपणं जमा झाली होती. आपल्याकडे तर एका मोबाइलवर अख्खं घर शोधतं. आजोबांचा मधुमेह, सुनेचं गरोदरपण, मुलाची परीक्षा, शेजारच्या काकूंची पेन्शन. खातं एकाचं आणि चेहरा कुणाचाच नाही, असं चित्र त्यातून तयार होतं आणि निर्णय घेणारा त्याच चित्रावर विसंबतो.

एओएलनं तीनेक दिवसांत फाइल काढून घेतली, माफी मागितली, मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यानं राजीनामा दिला. पण तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या. नाव खोडलं की माहिती निनावी होते हा समज त्या आठवड्यात कायमचा मोडायला हवा होता. तो अजून मोडलेला नाही. आजही कंपन्या ‘आम्ही नाव काढून टाकतो’ एवढं सांगतात आणि आपण मान डोलावतो.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं आहे, त्यामुळे हा विषय मला त्या बाजूनं दिसतो. देवघेवीच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला कोण काय वाचतं हे कळतंच. काही मुलं, विशेषतः मुली, एखादं पुस्तक मागायला गर्दी ओसरेपर्यंत थांबायच्या. शरीराबद्दलचं असेल, मानसिक आजाराबद्दलचं असेल, घटस्फोटाच्या कायद्याचं असेल. कार्डावर शिक्का मारायचा, पुस्तक पालथं करून पुढे सरकवायचं, वर बघायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, त्या व्यवसायात ते आपोआप अंगी येतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं तर १९३९ मध्येच आपल्या आचारसंहितेत वाचकाबद्दल कळलेली माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन घालून घेतलं होतं. २००१ मध्ये तिथे पॅट्रियट ॲक्ट हा दहशतवादविरोधी कायदा आला. ग्रंथालयाच्या नोंदी मागवण्याचा अधिकार तपास यंत्रणांना मिळाला आणि ती मागणी आल्याचं वाचकाला सांगायचीही बंदी झाली. तेव्हा तिथल्या अनेक ग्रंथालयांनी एक साधा उपाय केला. पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव आणि पुस्तक यांना जोडणारी नोंद पुसून टाकायची. कनेटिकटमधल्या चार ग्रंथपालांनी एफबीआयच्या अशा मागणीविरुद्ध कोर्टात दावा लावला आणि २००६ मध्ये तपास यंत्रणेला माघार घ्यावी लागली.

या उपायाकडे मी तुमचं लक्ष वेधतो आहे. पुस्तक परत येईपर्यंत नोंद हवीच, नाही तर पुस्तक गेलं कुठे हे कळणार कसं? पण पुस्तक फळीवर पोचलं की त्या नोंदीचं काम संपलं. काम संपल्यावर ठेवलेली नोंद वाचकाच्या उपयोगाची राहत नाही, फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाची राहते.

आता सर्च इंजिनांची बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट मांडतो. आपण इंग्रजी अक्षरांत अर्धंमुर्धं मराठी टाइप करतो, काना-मात्रा चुकतो, तरी हवं ते सापडतं. यामागे कोट्यवधी लोकांच्या शोधांचा आणि चुकांचा अभ्यास आहे. कोणत्या दुव्यावर लोक थांबले आणि कुठून लगेच परतले, हे पाहूनच यादी सुधारते. बनावट क्लिक ओळखायलाही जुन्या नोंदी लागतात. हे सगळं मला मान्य आहे. पण शुद्धलेखन शिकायला यंत्राला चुका लागतात, चुका करणाऱ्याचं खातं लागत नाही. आणि लागलंच तर किती दिवस? या प्रश्नावर कंपन्यांची स्वतःचीच उत्तरं इतकी बदलत आली आहेत की त्यामागे तांत्रिक गरज असेल यावर विश्वास बसत नाही. गूगलनं २००७ मध्ये अठरा ते चोवीस महिन्यांनी नोंदी निनावी करू असं सांगितलं आणि २००८ मध्ये आयपी पत्त्यांसाठी, म्हणजे इंटरनेटवर आपलं मशीन ओळखणाऱ्या क्रमांकांसाठी, ती मुदत नऊ महिन्यांवर आणली. याहू या दुसऱ्या कंपनीनं २००८ च्या अखेरीस नव्वद दिवसांची घोषणा केली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. २०११ मध्ये त्यांनी ती मागे घेऊन अठरा महिने केले. नव्वद दिवसांत जे जमत होतं ते दोन-अडीच वर्षांनी जमेनासं झालं, याचं कारण धंद्यात शोधावं लागतं. गूगलच्या दोन संस्थापकांनी १९९८ मध्ये विद्यार्थी असताना लिहिलेल्या शोधनिबंधात स्वतःच इशारा दिला होता की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन वाचकाच्या गरजेपासून दूर जाऊन जाहिरातदाराकडे झुकेल. दोन वर्षांत त्यांनी जाहिरातींचाच मार्ग धरला.

‘मी काही वाईट करत नाही, मग मला काय भीती?’ असं व्याख्यानानंतर कुणी तरी विचारतंच. त्यासाठी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरातली एक घटना सांगतो. तिनं मला बराच काळ अस्वस्थ ठेवलं आहे.

५ ऑगस्ट २०२० च्या पहाटे तिथे एका घराला आग लावण्यात आली. सेनेगलहून आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं जळून मेली, त्यांत दोन लहान मुलं होती. सीसीटीव्हीत मुखवटे घातलेली तीन माणसं दिसत होती, बाकी काहीच धागा नव्हता. पोलिसांनी गूगलकडे वॉरंट पाठवलं: आगीच्या आधीच्या पंधरा दिवसांत या घराचा पत्ता कुणी कुणी शोधला त्यांची माहिती द्या. गूगलनं ती दिली आणि त्यातून तीन किशोरवयीन मुलांपर्यंत पोलीस पोचले. एकाचा फोन चोरीला गेला होता, फोन शोधणाऱ्या ॲपनं हे घर दाखवलं आणि त्यानं सूड घेतला. ॲपनं दाखवलेलं घर चुकीचं होतं. त्या कुटुंबाचा चोरीशी काडीचाही संबंध नव्हता.

हे गुन्हेगार सापडायलाच हवे होते. त्या नोंदी नसत्या तर कदाचित सापडले नसते, हेही मी डोळ्याआड करत नाही. तरी वॉरंटची पद्धत पाहा. एरवी पोलीस आधी संशयित ठरवतात आणि मग त्याच्या घराची झडती घेतात. इथे आधी सगळ्यांची झडती झाली आणि मग संशयित ठरला. शोधणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या नोंदी चाळल्याशिवाय ती यादी निघूच शकत नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये, पोलीस प्रामाणिकपणे वागले एवढ्या आधारावर तो पुरावा टिकवला, पण माणसाच्या शोधांचा इतिहास ही त्याच्या खाजगीपणाची बाब आहे हेही मान्य केलं. आज पत्ता जळालेल्या घराचा होता, उद्या तो कशाचा असेल? जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि काही राज्यांत गर्भपात हा गुन्हा झाला. पुढच्याच महिन्यात गूगलनं जाहीर केलं की गर्भपात केंद्रांसारख्या ठिकाणांच्या भेटी आम्ही लोकांच्या लोकेशन इतिहासातून पुसून टाकू. नोंद ठेवणं हाच धोका आहे, अशी ही कबुलीच होती. पण ती जागांपुरती. गोळ्यांबद्दल, दवाखान्यांबद्दल, खर्चाबद्दल तिथे जाणाऱ्या बाईनं आधी काय काय शोधलं, त्याबद्दल त्यात काही नव्हतं. तिनं काहीच वाईट केलं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा ते गुन्ह्यात मोडतही नव्हतं.

ब्राउझरमधली इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी म्हणवणारी, विंडो उघडली की हे सगळं टळतं असं पुष्कळांना वाटतं. ती इतिहास ठेवत नाही तो फक्त तुमच्या मशीनवर. त्याच गैरसमजावरून गूगलवर २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीनं अशा काळातल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे त्या होत्या.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. ज्या उद्देशासाठी माहिती घेतली तो संपला की ती पुसावी, असं त्यात आहे. हे कलम मला मनापासून आवडतं. ग्रंथालयानं पुस्तक परत आल्यावर नोंद पुसावी, तसंच ते आहे. पण उद्देश संपला हे ठरवायचं कुणी? शोधाचा उद्देश उत्तरांची यादी समोर आली त्या क्षणी संपतो, असं मी म्हणेन. कंपनी म्हणेल, सेवा सुधारणं हाही उद्देशच आहे आणि तो कधीच संपत नाही. शिवाय सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मोठी तरतूद त्याच कायद्यात आहे. सर्च इंजिनांसाठी दिवसांत मोजलेली, कायद्यात लिहिलेली मुदत असावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी, ग्रंथालय संघांनी, वकिलांनी लावून धरायला हवी. स्वेच्छेनं दिलेली मुदत स्वेच्छेनंच परत घेतली जाते, हे याहूनं दाखवून दिलंच आहे.

तोवर आपल्या हातातलं काम करू. घरी गेल्यावर गूगलच्या खात्यात ‘माय ॲक्टिव्हिटी’ उघडा. वेळेसकट सगळं दिसेल. तिथे तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. आपण काही केलं नाही तर २०२० नंतर उघडलेल्या खात्यांना अठरा महिन्यांची मुदत लागते, जुन्या खात्यांत बहुधा काहीच लागलेलं नसतं. डकडकगो किंवा स्टार्टपेज ही सर्च इंजिनं वापरून पाहा. शोध माणसाशी जोडून साठवत नाही असं ती सांगतात.

आणि या वाचनालयाच्या कार्यकारिणीला एक विनंती. खालच्या वाचन कक्षातले दोन संगणक दिवसभर वेगवेगळी माणसं वापरतात. मघाशी मी त्यांतल्या एकावर बसलो. शोधाच्या चौकटीत एक अक्षर टाइप केलं आणि आधी बसलेल्यांचे शोध खाली उघडले. एक कुणाच्या तरी आजाराचा होता, एक कोर्टाच्या तारखेचा. ब्राउझर बंद झाला की इतिहास पुसला जाईल अशी सेटिंग करून घ्या आणि त्यावर कुणाचंही खातं उघडं राहणार नाही असं बघा. दहा मिनिटांचं काम आहे. चहा होईपर्यंत मी बसून करून देतो.