कुणाच्या वतीनं विश्वास ठेवता येत नाही : बॅप्टिस्ट मंडळीची श्रद्धा आणि कारभार

बंधुभगिनींनो, महाराष्ट्रात बॅप्टिस्ट मंडळ्या थोड्या आहेत. आपल्याकडे जुनं काम झालं ते अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, अँग्लिकन आणि मेथडिस्ट यांचं. बॅप्टिस्टांचा भर बंगाल, ओडिशा, तेलुगू प्रदेश आणि ईशान्येकडचा डोंगराळ भाग यांवर राहिला. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांच्याविषयी एवढंच ऐकून माहीत असतं, की हे लोक बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत आणि मोठ्यांना पाण्यात बुडवतात. माहिती खरी आहे. पण पाणी हा शेवटचा टप्पा झाला. मुळाशी एकच श्रद्धा आहे: माझ्या वतीनं दुसरं कुणी विश्वास ठेवू शकत नाही. आईबाप नाही, पाळक नाही, बिशप नाही, राजाही नाही. मंडळीचे सभासद कोण, निर्णय कोण घेतं, मिशन कसं करायचं, सरकारशी नातं काय, हे सगळं या एका श्रद्धेतून येतं. आज मी तीच धरून बोलणार आहे.

सुरुवात १६०९ सालची, अ‍ॅमस्टरडॅममधली. जॉन स्मिथ नावाचा इंग्लिश पाळक आणि त्याच्याबरोबर इंग्लंड सोडून आलेला एक छोटा गट. मंडळी म्हणजे स्वतः विश्वास कबूल केलेल्यांचा समूह, हे त्यांना नव्या करारात दिसलं आणि त्यांनी बाप्तिस्मा नव्यानं घेतला. तेव्हा तो पाणी ओतून घेतला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पूर्ण बुडवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १६४० च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली. १६४४ मध्ये लंडनच्या सात मंडळ्यांनी आपला विश्वासांगीकार छापला, त्यात सबंध शरीर पाण्याखाली जावं असं स्पष्ट लिहिलं. समासात आणखी एक टीप घातली: देणारा आणि घेणारा दोघांच्याही अंगावर योग्य कपडे असावेत, मर्यादा पाळली जावी. त्या काळी बॅप्टिस्टांवर नाना आरोप होत होते, त्यांना हे उत्तर होतं. पण आजच्या पाळकानंही ती टीप वाचावी.

कारण बाप्तिस्म्याच्या दिवशी जे बिघडतं ते बहुधा तयारीत बिघडलेलं असतं. क्रम असा असतो. उमेदवार आपली इच्छा पाळकाला किंवा डिकनला, म्हणजे मंडळीनं सेवेसाठी निवडलेल्या सभासदाला, सांगतो. मग काही आठवडे वर्ग चालतो. त्यात पश्चात्ताप, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान, बाप्तिस्म्याचा अर्थ, प्रभुभोजन, सभासदाच्या जबाबदाऱ्या हे विषय येतात. त्यानंतर उमेदवार मंडळीसमोर उभा राहून आपल्या शब्दांत साक्ष देतो आणि मंडळी संमती देते. या सगळ्यात वजनदार प्रश्न एकच: ‘तुम्हाला बाप्तिस्मा का घ्यायचा आहे?’ ‘घरचे म्हणाले’, ‘माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी घेतला’, ‘पुढच्या महिन्यात चर्चमध्ये लग्न आहे, दाखला लागेल’ अशी उत्तरं आली तर थांबायला हवं. लग्नाच्या दाखल्यासाठी घाईनं दिलेला बाप्तिस्मा हे आपल्याकडचं फार जुनं दुखणं आहे. लग्न पार पडतं आणि ते कुटुंब पुन्हा उपासनेला दिसत नाही. यात माणसाची फसवणूक होतेच, पण मंडळीनंच त्याला खोटं बोलायला शिकवलं, याचं मला जास्त वाईट वाटतं. मुलांसाठी ठरावीक वय नाही. बाळ झाल्यावर मंडळीत त्याचं समर्पण होतं, आईबाप वचन देतात, पाणी लावत नाहीत. पुढे ते मूल स्वतः विचारायला येईपर्यंत वाट पाहायची. वाट पाहणं आईबापांना जड जातं, हे खरं.

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येऊ. पाणी कमरेच्या वर, साधारण साडेतीन फूट असावं. आठ फूट लांब, चार फूट रुंद हौदात तेवढं पाणी म्हणजे तीन हजार लिटरच्या वर, वजन तीन टनांहून अधिक. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर हौद बसवण्याआधी इंजिनिअरला विचाराच. अर्ध्या इंची नळानं तो भरायला तीन-चार तास सहज लागतात, म्हणून आदल्या रात्रीच भरून ठेवतात. कपडे गडद रंगाचे आणि जाड घ्यावेत, पांढरं सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं. झग्याच्या काठात वजन शिवलेलं असलं की तो पाण्यावर तरंगत नाही. पाळक उमेदवाराच्या बाजूला उभा राहतो, समोर नाही. उमेदवार दोन्ही हात छातीशी घेतो, एका हातातल्या रुमालानं नाक धरतो. पाळकाचा एक हात त्या हातांवर, दुसरा मानेच्या खाली पाठीवर. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं असं म्हणून त्याला मागे झुकवायचं. गडबड होते ती इथे. उमेदवार घाबरतो, पाय ताठ ठेवतो, मग पाय उचलले जातात आणि सगळा भार पाळकाच्या कंबरेवर येतो. गुडघे वाकवायचे, तळवे जमिनीवरून सुटू द्यायचे नाहीत, हे कोरड्या जमिनीवर दोनदा करून घेतलं तर ही वेळ येत नाही. नदीत असाल तर उमेदवाराचं तोंड प्रवाह वाहतो त्या दिशेला ठेवा. म्हणजे मागे झुकताना डोकं प्रवाहाच्या उगमाकडे जातं, नाकात पाणी शिरत नाही आणि उठताना प्रवाहच पाठीला रेटा देतो. आणि वायरचा माइक पाण्याजवळ कधीही नको. २००५ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या वेको इथे हौदात उभ्या असलेल्या पाळकानं माइकला हात लावला आणि विजेच्या धक्क्यानं त्याचा मृत्यू झाला.

एवढी काळजी कशासाठी? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं असं सांगितलं आहे. ते चित्र डोळ्यांना दिसावं म्हणून पूर्ण बुडवतात. पाण्यानं तारण होतं असं बॅप्टिस्ट मानत नाहीत. आधीच घडलेल्या गोष्टीची ती उघड कबुली आहे. प्रभुभोजनाविषयीही हेच म्हणणं आहे: भाकर भाकरच राहते, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण आणि घोषणा होते.

विश्वास स्वतःचाच हवा, ही श्रद्धा मिशनच्या कामात कशी कसाला लागते, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत मोठं उदाहरण तेलुगू प्रदेशातल्या ओंगोलचं आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. महाराष्ट्रातल्या लोकांना तो वेगळा सांगायला नको, दख्खनही त्यात होरपळला. ओंगोलला जॉन क्लफ हा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होता. शिक्षणानं सर्वेक्षणातला जाणकार, म्हणून त्यानं बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांचं खोदकाम ठेक्यानं घेतलं आणि उपाशी लोकांना मजुरी दिली. तिथे काम करणारे बहुतेक मादिगा या तेलुगू दलित समाजातले होते. माणसं बाप्तिस्मा मागू लागली आणि क्लफनं तो देणं थांबवलं. पोटासाठी कुणी येऊ नये म्हणून वर्षाहून अधिक काळ एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. मदत वाटणं संपल्यावरही माणसं येत राहिली, तेव्हा कुठे परीक्षा घेऊन बाप्तिस्मे सुरू झाले. ३ जुलै १८७८ ला गुंडलकम्मा नदीवर वेलुंपिल्लीच्या घाटावर एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. सहा दीक्षित तेलुगू पाळक होते. एका वेळी दोघे पाण्यात उतरत, थकले की पुढचे दोघे. सकाळ आणि दुपार मिळून आठ-नऊ तास. म्हणजे माणशी साधारण अर्धा मिनिट. आकड्यानं सगळे दिपून जातात. माझ्या लेखी त्या आकड्याआधीचे थांबलेले महिने मोठे आहेत. मदतीच्या पोत्याला बाप्तिस्मा बांधला की दोन्ही बाटतात. आजही देणगीदाराला पाठवायच्या अहवालात बाप्तिस्म्यांच्या आकड्याचा रकाना असतो, आणि तो रकाना भरायची घाई झाली की नेमकं हेच घडतं.

याच्याही आधीचं बंगालमधलं श्रीरामपूर. १७९२ मध्ये इंग्लंडात केटरिंगला बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, पहिल्या दिवशी कबूल झालेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. विल्यम केरी पुढच्या वर्षी बंगालला पोचला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून १८०० पासून डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपूरला ठाण मांडलं. केरीचं आपल्याशी थेट नातं आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवत असे, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानं त्यानं १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये कोश काढला, तोही मोडी खिळ्यांनी. १८०५ मध्येच श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपसांत एक करार लिहिला आणि तो वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर मोठ्यानं वाचायचा असं ठरवलं. त्यातली दोन कलमं आजही उपयोगाची आहेत. एक, इथल्या मंडळ्यांचे पाळक आणि डिकन इथलेच असावेत, मंडळीनं आपल्यातून निवडलेले. दोन, बाप्तिस्मा घेणाऱ्याचं नाव बदलू नये. नव्या करारातल्या किती तरी शिष्यांची नावं जुन्या देवतांवरून आलेली होती आणि प्रेषितांनी ती बदलली नाहीत, असा त्यांचा आधार. कृष्ण पाल हा सुतार २८ डिसेंबर १८०० ला हुगळीत बाप्तिस्मा घेऊन बाहेर आला तोही कृष्ण पाल म्हणूनच.

मंडळीचा कारभारही याच श्रद्धेवर उभा असतो. प्रत्येक सभासद स्वतः विश्वास कबूल करून आलेला आहे, म्हणून निर्णय सभासदांच्या सभेचा. वर बिशप नाही. मंडळ्यांचे संघ असतात, पण ते सल्ला देतात, हुकूम देत नाहीत. पाळक उपदेश करतो, वाट दाखवतो, डिकन गरजूंची आणि व्यवहाराची काळजी घेतात. पाळक नेमायला बऱ्याच मंडळ्या दोन तृतीयांश किंवा तीन चतुर्थांश मतं मागतात, आणि ते शहाणपणाचं आहे, कारण एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास मतांनी आलेल्या पाळकाला पहिल्याच रविवारी अर्धी मंडळी तोंड फिरवून बसलेली दिसते. सभासद गावाहून शहरात गेला की जुन्या मंडळीचं पत्र घेऊन नव्या मंडळीत जातो. शिस्तीचा प्रश्न आला तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पायरी: आधी एकट्यानं भेटायचं, मग दोघा-तिघांना घेऊन, आणि मगच मंडळीपुढे. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट व्यासपीठावरून नाव घेतलं की मंडळी फुटते. दानार्पण मोजायला नातेसंबंध नसलेल्या दोन व्यक्ती बसवाव्यात, मोजून दोघांनीही सही करावी.

मंडळीतल्या या लोकशाहीला मोठा धोका असतो सभासदांच्या यादीचा. निवडणुकीच्या आधी महिनाभरात चाळीस नावं वाढतात. किंवा दहा वर्षांत न दिसलेली माणसं त्या दिवशी रिक्षा करून आणली जातात. यावर जुना उपाय आहे: यादी दरवर्षी सभेपुढे वाचायची, आणि नव्या सभासदाला ठरावीक मुदतीनंतरच मताचा हक्क द्यायचा.

सरकारविषयीची भूमिकाही इथूनच निघते. अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या गटातला टॉमस हेल्विस १६१२ च्या सुमारास इंग्लंडला परतला आणि राजाला उद्देशून लिहिलं, की माणूस पाखंडी असो, मुसलमान असो वा ज्यू, देवाशी त्याचं नातं कसं असावं यात राजानं पडू नये. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं आणि काही वर्षांत तो वारला. तो फक्त आपल्या गटासाठी सवलत मागत नव्हता, याकडे लक्ष द्या. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी हीच मागणी केली आणि १ जानेवारी १८०२ ला राष्ट्राध्यक्ष जेफरसननं त्यांना पाठवलेल्या पत्रात धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा उल्लेख आला.

ही श्रद्धा बॅप्टिस्टांनी नेहमी पाळली असं मात्र नाही. १८४५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमण्याच्या वादावरून वेगळा संघ काढला. त्याबद्दल त्या संघानं जाहीर क्षमा मागितली ती १९९५ मध्ये. दीडशे वर्षं! दुसरीकडे जमैकात, १८३१ च्या नाताळात गुलामांच्या उठावाचं नेतृत्व केलं सॅम शार्प या बॅप्टिस्ट डिकननं, आणि त्याला फाशी झाली. बायबल दोघांच्याही हातात तेच होतं. जिथे बॅप्टिस्ट बहुसंख्य आहेत तिथे कसोटी आणखी वेगळी. नागालँडमध्ये १९८९ च्या दारूबंदी कायद्यासाठी बॅप्टिस्ट मंडळ्यांनीच जोर लावला होता. हेतू चांगला होता. पण संयम कायद्यानं आणायचा असेल तर हेल्विसला काय सांगायचं, हा प्रश्न तिथल्या पाळकांनी स्वतःला विचारत राहावा असं मला वाटतं.

आपल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यात उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. बाळांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केलेल्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती तिथे मान्य झाल्या. काही बॅप्टिस्ट मंडळ्या मात्र बाहेर राहिल्या. लहानपणी पाणी लागलेला मराठी ख्रिस्ती माणूस बॅप्टिस्ट मंडळीत गेला की घरात वाद होतो, ‘पुन्हा कशाला?’ अशा वेळी पाळकानं आधी आईवडिलांशी बोलावं. त्यांनी जे केलं ते प्रेमानं केलं हे मान्य करावं आणि त्या मुलाला घाई करू नये.

शेवटी कागदपत्रांचं. महाराष्ट्रात मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाच्या नावावर असेल तर १९५० चा न्यास कायदा लागू होतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी. सभेनं नवे विश्वस्त निवडले आणि रिपोर्ट दिलाच नाही, असं सर्रास होतं. मग कागदोपत्री वारलेली माणसं विश्वस्त राहतात, बँक सही मान्य करत नाही, आणि सभासदांच्या मताला कायद्यापुढे काही आधार उरत नाही. म्हणून निवड झाली की त्याच आठवड्यात इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं आणि ओळखीचे पुरावे गोळा करावेत. सभेची नोटीस कुणाला, कधी आणि कशी दिली याचा पुरावाही जोडावा, कारण हरकत घेणारा बहुतेक वेळा पहिलं बोट तिथेच ठेवतो.