जमिनीवरून उठताना

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. ओट्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका.)

निवेदन:

या घरांमध्ये बराचसा दिवस जमिनीवरच जातो. विड्या वळायच्या मांडी घालून, निवडण-टिपण खाली बसून, जेवणही बहुतेकदा खालीच. म्हणून इथं काम करणाऱ्या थेरपी सहाय्यकाला माणसाच्या वाढीचे टप्पे समजून घ्यायचे असतील, तर एक हालचाल नीट बघावी. माणूस जमिनीवरून उठतो कसा?

(दृश्य: खाटेचा पाय धरून उभं राहणारं बाळ.)

साधारण दहाव्या महिन्याच्या आसपास बाळ काहीतरी धरून उभं राहतं. पुढं आधार सुटतो. आधी ओणवं, दोन्ही हात जमिनीवर, ढुंगण वर, मग धड सरळ. नेमकं कधी, यावरून मात्र घरोघरी धास्ती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं होती. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ निघाला साधारण आठ ते साडेसतरा महिने. एवढी ऐसपैस मुभा निसर्गानं दिलीय. शेजारीण देत नाही. काही मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. आणि बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर टप्पे बघताना वयातून दोन महिने वजा करायचे. हे सहाय्यकाला पाठ असावं, कारण आज्जीचा पहिला प्रश्न तोच असतो.

चार-पाच वर्षांचा मुलगा उठताना हात आधी गुडघ्यावर, मग मांडीवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहत असेल, तर तिथं थांबायचं. विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी १८७९ मध्ये ही खूण नोंदवली. कंबर-मांडीचे स्नायू दुबळे असल्याचं ती सांगते. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारात ती दिसते. घरचे म्हणतात, "आळशी आहे." निदान करणं सहाय्यकाचं काम नाही. थेरपिस्टच्या कानावर त्याच दिवशी घालणं मात्र त्याचंच काम.

(दृश्य: थेरपी केंद्र. पन्नाशीच्या मावशी, उजवी बाजू लुळी.)

अर्धांगवायूनंतर मोठ्या माणसालाही बाळाच्या क्रमानं न्यावं, कूस वळणं, रांगणं, गुडघ्यांवर उभं राहणं, असा विचार एके काळी जोरात होता. आता भर असतो त्या माणसाला जे काम करायचंय, त्याच कामाच्या सरावावर. आणि ते बरंच झालं. पन्नास वर्षं जगलेल्या मेंदूला पुन्हा पाळण्यात कशाला घालायचं?

मावशी सहाय्यकाला स्पष्ट सांगतात, "बाळा, ते चेंडू-बिंडू राहू दे. मला विडीला बसायचंय."

मग थेरपिस्टनं आखून दिल्याप्रमाणं सराव सुरू होतो. आधी खुर्चीवर बसून, टेबलावर ओलं केलेलं पान, तंबाखूशिवाय. चिमटीत दोरा धरणं, सोडणं. नंतर बुटक्या स्टुलावर. जमीन सगळ्यात शेवटी, कारण हात वळला तरी गुडघे पन्नाशीचेच असतात. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, हेही त्या हिशेबात धरावं लागतं.

(दृश्य: सत्तरीच्या अव्वा, काठी, दारातला उंबरा.)

ब्राझीलमधल्या एका अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. ज्यांना हात-गुडघ्यांचा आधार जास्त लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ अव्वांना रोज उठाबशा काढायला लावा, असा नाही. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर आणि थेरपिस्ट सांगेपर्यंत खाली बसणं बंदच.

अव्वा घरात तेलुगू बोलतात. मराठी समजतं, पण घाईत नाही. सूचना एका वेळी एकच, चेहऱ्यासमोर येऊन. लाडीगोडीचं बोबडं बोलणं नको. या बाईनं उभा संसार रेटलाय.

पडल्यावर उठायचं कसं, हेही शिकवायचं. आधी कुठं लागलंय का बघायचं. खूप दुखत असेल तर हलायचं नाही, मदत बोलवायची. नाहीतर कुशीवर, मग हातांवर, गुडघ्यांवर, खुर्चीला धरून वर. सुनेलाही दाखवायचं: काखेत हात घालून ओढायचं नाही. खुर्ची जवळ आणायची आणि घट्ट धरून ठेवायची.