लातूरचं जुनं स्टेशन

श्रोतेहो, नमस्कार.

लातुरात 'जुनी रेल्वे लाईन' एवढं सांगितलं की रिक्षावाला पुढं काही विचारत नाही. रूळ केव्हाच उखडले. आता तिथं रस्ता आणि दुकानं आहेत. बार्शी लाईट या रेल्वे कंपनीची छोटी गाडी इथं ऐन गावात यायची.

एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट अंतराचे अरुंद रूळ टाकले. त्याचं गणित साधं होतं. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवर भागतं आणि पैसा वाचतो. गडी डोक्यानं भलताच. पुढं त्यानं वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवलं!

१९०६ साली गाडी पंढरपूरला गेली, वारकऱ्यांची सोय झाली. १९११ साली ती लातूरला पोचली. बार्शी इंग्रजी अमलात आणि लातूर निजामाच्या राज्यात, म्हणजे ही लाईन दोन राजवटींतून धावत होती. लातूरच्या आडत बाजाराला कापूस, भुईमूग, डाळी बाहेर धाडायची वाट मिळाली. याच लाईनीवरच्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९२७ साली दुसरं टोक मिरजेला भिडलं, १९५४ साली कंपनी सरकारनं घेतली.

खरी गोम कुर्डुवाडीत होती. तिथून पुढं मुंबईची लाईन रुंद. लातुरात भरलेलं प्रत्येक पोतं तिथं हमालांनी उतरवायचं आणि दुसऱ्या डब्यात चढवायचं. रूळ टाकताना वाचलेला पैसा असा वर्षानुवर्षं हमालीत जात राहिला. त्यात वेळ मोडायचा, पोती फाटायची. दारातून थेट मार्केटात माल नेणारा ट्रक आल्यावर आडत्यांनी गाडीकडं पाठ फिरवली, यात नवल ते काय? बार्शी लाईटला लोक प्रेमानं आठवतात, पण धंद्याच्या हिशेबात ती फार आधीच हरली होती, असं माझं मत आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद झाले. जुन्या लाईनीनं टाळलेलं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, नव्या मार्गावर आलं. लातूरचं स्टेशन मात्र गावाबाहेर गेलं. आता मुंबईची गाडी थेट मिळते, फक्त स्टेशन गाठायला आधी रिक्षा करावी लागते.