तुलना कोणाची, कोणाशी?

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजीत तुलनेचे वाक्य लिहिताना बहुतेकांचे लक्ष विशेषणाच्या रूपाकडे असते. ‘टॉल’चे ‘टॉलर’ केले, पुढे ‘दॅन’ ठेवले की काम झाले, हे शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु रूप बिनचूक असूनही वाक्य तर्काला सोडून जाऊ शकते.

‘द क्लायमेट ऑफ नाशिक इज ड्रायर दॅन मुंबई’ हे वाक्य घ्या. यात ‘दॅन’च्या अलीकडे नाशिकचे हवामान आहे आणि पलीकडे अख्खे मुंबई शहर. हवामानाची तुलना हवामानाशीच व्हायला हवी, म्हणून ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ असे लिहायचे. आणि नाम अनेकवचनी असेल, तर ‘दॅट ऑफ’च्या जागी ‘दोज ऑफ’. मराठीत ‘नाशिकची हवा मुंबईपेक्षा कोरडी आहे’ असे आपण खुशाल म्हणतो आणि ऐकणारा राहिलेला शब्द मनातल्या मनात भरून घेतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना ही सवलत घेतात. परीक्षेत किंवा शोधनिबंधात मात्र ती गृहीत धरू नये. हा काटेकोरपणा कधीकधी जाचक वाटतो खरा, पण दोन औषधांच्या परिणामांची तुलना चालली असेल, तर औषध कोणते आणि परिणाम कोणता याची सरमिसळ कोणालाच परवडणार नाही.

आता ‘अदर’ या शब्दाकडे वळू. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. तरीही ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ हे वाक्य चुकते, कारण कळसूबाई स्वतःच महाराष्ट्रात असल्यामुळे ती स्वतःहूनही उंच ठरते! म्हणून इथे ‘एनी अदर पीक’ हवे. तुलना गोव्यातल्या शिखरांशी असेल, तर मात्र ‘अदर’ नको, कारण कळसूबाई त्या गटातच नाही. ‘हायेस्ट’ वापरताना नेमके उलटे होते: ‘द हायेस्ट ऑफ ऑल द पीक्स इन महाराष्ट्र’ असे म्हणायचे, ‘ऑल द अदर पीक्स’ नव्हे, कारण सर्वांत उंच शिखर त्या सर्वांपैकीच एक असावे लागते.

‘दॅन’नंतर क्रियापद गाळले की आणखी एक घोटाळा संभवतो. ‘मदर लव्ह्ज द कॅट मोअर दॅन फादर’ या वाक्यावरून आईला मांजर वडिलांहून प्रिय आहे, की मांजरावर वडिलांपेक्षा आईची माया अधिक आहे, हे कळायला मार्ग नाही. दुसरा अर्थ हवा असेल तर शेवटी ‘डझ’ जोडावे आणि ‘दॅन फादर डझ’ म्हणावे. पहिलाच अर्थ अभिप्रेत असेल, तर ‘दॅन शी लव्ह्ज फादर’ असे पुरते लिहावे. वडिलांनी ते वाचावे की नाही, हा प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे.