165 दिवसांचा पूल

(दृश्य: रत्नागिरीतल्या पावस गावाजवळची आंब्याची बाग. संध्याकाळ. पेट्या भरणं चालू आहे.)

पेटीच्या तळाला पेंढा, त्यावर हापूसचा थर, पुन्हा पेंढा. फळ अजून हिरवं, दगडासारखं कडक. तरीही मावशी प्रत्येक आंबा दोन्ही हातांनी उचलतात, देठ वळवून बघतात आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा पेटीत ठेवतात. रात्री टेम्पो निघेल, मुंबई-गोवा महामार्गाने. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, महाड, माणगाव, पेण, आणि मग वाशीचा बाजार. वाटेत फळाला मार बसला तर तो आज दिसत नाही, फळ पिकायला लागलं की दिसतो. डाग धरलेल्या आंब्याचा भाव पडतो आणि चार दिवसांनी दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येते. पट्टीत हमाली असते, भाडं असतं. खड्ड्यांपायी किती गेलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

टेम्पोवाल्या दादांशेजारी बसून आम्ही निघालो.

"हापूस भरलेला असला की माझे कान मागे पेट्यांकडे असतात," ते म्हणाले. "खाली कुठे आदळलं, तर इथे पोटात दुखतं." मागच्या हंगामात त्यांच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे दोनदा तुटले. दुरुस्तीचा एक दिवस म्हणजे एक फेरी गेली, आणि आंब्याच्या हंगामात फेऱ्या मोजक्याच असतात.

(दृश्य: महाड. पहाटेपूर्वीचा अंधार. सावित्रीचा पूल.)

पुलाअलीकडे दादांनी गाडी बाजूला घेतली. इथे ते दर वेळी थांबतात.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र. धो धो पाऊस, सावित्रीला पूर. ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पाण्याने नेला. पुढे पूलच नाही, हे अंधारात येणाऱ्या गाड्यांना कळलं नाही. एसटीच्या दोन बस नदीत गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. अशा पाट्या वाचतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या दोन्ही बसमध्ये आमच्यापैकीच कोणीही असू शकलं असतं.

आणि मग याच जागी नवा पूल उभा राहिला. 165 दिवसांत. 2017 च्या जूनमध्ये, पुढचा पावसाळा तोंडावर असताना, त्यावरून वाहतूक सुरू झाली. ज्यांनी तो बांधला त्यांना मनापासून नमस्कार. पण त्या पुलावर उभं राहिलं की घशाशी येतं ते दुसरंच काहीतरी.

याच महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा, पनवेल ते रायगडातलं इंदापूर, 84 किलोमीटर. काम सुरू झालं 2011 मध्ये. त्या वर्षी जन्मलेलं पोर आज हायस्कुलात जातं. ठेकेदाराचं आर्थिक गणित कोसळलं. कर्नाळा अभयारण्याजवळच्या परवानग्यांत वेळ गेला, भूसंपादन रेंगाळलं. मग टप्प्याचे पनवेल ते कासू आणि कासू ते इंदापूर असे दोन तुकडे झाले, पुन्हा निविदा निघाल्या. इंदापूरच्या पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचं काम दहा भागांत वाटलं. सिंधुदुर्गातला रस्ता आधी झाला, बाकीचे तुकडे मागे पडत राहिले. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तिथे मुदती दिल्या गेल्या आणि उलटल्या. 16 ऑक्टोबर 2023 ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. जीवितहानी झाली नाही. दर वर्षी गणपतीच्या तोंडावर मंत्र्यांचा पाहणी दौरा होतो, खडी पडते, पेव्हर ब्लॉक बसतात, आणि चाकरमानी परत मुंबईला पोहोचायच्या आत ते उखडलेले असतात.

एक निवृत्त अभियंता आम्हाला म्हणाले, "पुलाची तुलना करू नका. पूल एका जागी असतो, जागा आधीच ताब्यात होती. रस्त्याला शेकडो मालक."

म्हणणं खरं आहे. पण मग रेल्वेचं काय?

(दृश्य: करबुडे बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी.)

कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं 1990 मध्ये. राजापूरचे खासदार मधु दंडवते तेव्हा देशाचे अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे. रोहा ते ठोकूर, सुमारे 740 किलोमीटर. नव्वदच्या वर बोगदे, त्यातला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग खुला झाला. सह्याद्री हाच, पाऊस हाच. जमीनही आमच्याच लोकांची, कलमांसकट. ते काम फुकट झालं नाही. बोगदे खणताना कामगारांचे जीव गेले, रत्नागिरीला त्यांचं स्मारक आहे. पण केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6, असा सगळ्यांचा पैसा एका महामंडळात आला आणि अधिकारही तिथेच आला. काम कुठे अडलं, हे विचारायला एकच दार होतं.

महामार्गाला किती दारं आहेत? पहिला टप्पा मुळात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे. जमीन प्रांताधिकाऱ्याकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे, झाडं वनखात्याकडे, विजेचे खांब महावितरणकडे. प्रत्येकाकडे आपापला कागद चोख आहे. तारीख मात्र कोणाच्याच गळ्यात नाही.

(दृश्य: प्लास्टिकच्या पिशवीतले कागद. काकांचे हात.)

ही पिशवी माझ्या काकांची. रस्त्यात त्यांची चार गुंठे गेली. सातबारावर अकरा नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत. त्यांच्या वारसांची नोंद झाल्याशिवाय मोबदला वाटता येत नाही. वारसांतले काही मुंबईत, एक बडोद्याला. वारस तपासासाठी काका एका कार्यालयात गेले, तिथून त्यांना दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने पहिल्याचं पत्र मागितलं. पिशवीत पोचपावत्या आहेत, तारखांनुसार लावलेल्या, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने त्या दिवशी भेटलेल्या माणसाचं नाव. एका पावतीमागे नुसतं एवढंच, "साहेब मीटिंगला."

आमच्या तलाठ्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे दोन सजांचा, म्हणजे दोन तलाठ्यांच्या हद्दींचा, कारभार आहे आणि निवडणुकीचं कामही त्याच्याच माथी येतं. मी भेटलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि त्याचा डबा तसाच बंद होता. काका एकदाही त्याच्यावर चिडले नाहीत. ते मला एवढंच म्हणाले, "बाबू, मला पैशांची घाई नाय रे. पण माझ्यामुळे रस्ता अडलाय असं वरती सांगतात, ते मला लागतं." बोलताना ते पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा बांधत होते.

(दृश्य: वाशी. सकाळ. पेट्या उतरताहेत.)

माणगावला आम्ही दीड तास अडकलो होतो. बाजारात शिरलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पहिला सौदा होऊन गेला होता. दलालाने मावशींची एक पेटी उघडली, पेंढा बाजूला केला, वरच्या थरातला एक आंबा घेतला, अंगठा फिरवला, परत ठेवला. मग खालच्या थरात हात घातला.

दादा टेम्पोच्या फळीवर बसून त्या हाताकडे बघत होते.