आपला पहारा आपणच: हाँगकाँगच्या चिनी वस्तीची गोष्ट

हातातला कंदील सांभाळा. तो हौसेसाठी नाहीये, कायदा आहे म्हणून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं हाँगकाँग. इंग्रजांनी १८४१ मध्ये बेट ताब्यात घेतलं, आणि मग अंधार पडल्यावर चिनी माणसाला बाहेर पडायचं तर कंदील पाहिजे, रात्र चढली की वर पाससुद्धा पाहिजे, नसेल तर चल चौकीत. गोऱ्या साहेबाला यातलं काहीच लागू नाही. हा प्रकार थेट १८९७ ला बंद झाला, म्हणजे दोन पिढ्या लोक स्वतःच्याच गल्लीत कंदील घेऊन फिरले.

बरं, पकडणारे पोलीस कोण? वर थोडे गोरे, खाली हिंदुस्थानी. १८६० नंतर आपल्या मुंबईहून शिपाई भरती करून तिकडे नेले होते, ते नव्या गव्हर्नरला म्हणजे मॅकडोनेलला पसंत पडले नाहीत म्हणून १८६७ पासून पंजाबातून शीख आणले. थोडे चिनी शिपाईही होते, पण सरकारचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. आता बघा, चोरी झालीये कँटोनी बोलणाऱ्या दुकानदाराकडे आणि दारात उभा आहे पंजाबी बोलणारा शिपाई. चोर कुठल्या बोळात शिरला हे कोण कुणाला आणि कसं सांगणार?

दुकानदारांनी मग आपला मार्ग काढला. खाजगी पहारेकरी आधीपासून होतेच, रात्रभर बांबू वाजवत फिरायचे, आपल्याकडच्या जागल्यासारखे, आणि त्या ठकठकीने साहेबांची झोपमोड व्हायची म्हणून तक्रारीही झाल्या होत्या. १८६६ मध्ये चिनी व्यापाऱ्यांनी सरकारकडे रीतसर परवानगी मागितली की माणसं आम्ही नेमतो, पगार आम्ही वर्गणी काढून देतो, तुम्ही फक्त मान्यता द्या. असं उभं राहिलं डिस्ट्रिक्ट वॉच. गंमत म्हणजे हे दल पोलीसप्रमुखाच्या हाताखाली नव्हतं, रजिस्ट्रार जनरल म्हणून जो अधिकारी चिनी लोकांचा कारभार बघायचा त्याच्याकडे होतं. गल्लीतलाच माणूस, गल्लीचीच भाषा, कोणाचा पोरगा वाया गेलाय हे त्याला आधीच ठाऊक. चोर पकडणं, हरवलेली मुलगी शोधणं, शिरगणतीला मदत, सगळं त्यांच्याच गळ्यात. सरकारला तर बिनपैशाचा पहारा मिळाला, ते कशाला नाही म्हणतील.

आता हॉलीवूड रोडवरचं हे मान मो मंदिर बघा, १८४७ चं. छताला टांगलेल्या उदबत्तीच्या गुंडाळ्या आणि खाली उभं राहिलं की डोक्यावर राख. विद्येचा देव मान आणि शौर्याचा मो, दोघे एकत्र. पण इथे नुसती पूजा नव्हती, पंचायतही होती. उधारीचं भांडण, भागीदारीतला वाद, सगळं आधी इथे यायचं, आणि कोण खोटं बोलतंय हे कळेना तर देवासमोर पिवळ्या कागदावर शपथ लिहून तो जाळायचा, कोंबड्याची मान कापायची. इंग्रजी कोर्टात वकील, दुभाषा आणि खर्च, त्यापेक्षा कोंबडा स्वस्त पडायचा!

मंदिरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर ताइपिंगशान, दाटीवाटीची चिनी वस्ती. तिथे १८५१ मध्ये एक छोटं देऊळ बांधलेलं, क्वाँग फुक. परगावात मेलेल्या बिनवारशांच्या नावाच्या पाट्या ठेवायला. पण सरकारी दवाखान्यात जायला चिनी माणूस घाबरायचा, तिथे चिरफाड करतात म्हणून, आणि घरमालक मरणाऱ्या भाडेकरूला घरात ठेवायचा नाही, म्हणून हळूहळू लोक शेवटच्या घटका मोजणाऱ्यांनाच तिथे आणून टाकायला लागले. १८६९ मध्ये एक सरकारी अधिकारी आत गेला तर मुडदे आणि जिवंत माणसं शेजारीशेजारी, ना औषध ना कोणी पाणी द्यायला. बोभाटा झाला. आणि मला यात सगळ्यात खटकतं ते हे की अठ्ठावीस वर्षांची वसाहत, बंदर पैशाने फुगलेलं, आणि गरीब चिनी माणसाला मरायला एक खाट नव्हती.



मग १८७० मध्ये तुंग वाह हॉस्पिटलचा कायदा झाला आणि १८७२ च्या फेब्रुवारीत दरवाजे उघडले. सरकारने पैसे दिले ते जुगाराच्या परवान्यांतून आलेले, बाकी व्यापाऱ्यांनी घातले. उपचार फुकट आणि चिनी वैद्यकाचे. पण हे नुसतं हॉस्पिटल कधीच नव्हतं. बेवारस प्रेतांना मूठमाती, पुराच्या वेळी चीनमध्ये मदत, कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेलेल्यांच्या अस्थी बोटीने आल्या की त्या त्यांच्या गावी पोचवणं, सगळं इथून. समितीत बसणारे म्हणजे बडे दलाल, तांदळाचे आणि अफूचे व्यापारी, आणि बघता बघता चिनी वस्तीचं सरकारच झालं ते.

१८७८ मध्ये त्याच वर्तुळातून पो लेउंग कुक निघालं, मुली पळवून विकणाऱ्यांना धरायला. स्वतःचे गुप्तहेर ठेवले, सुटका झालेल्या मुलींना आसरा दिला, घरचे सापडले तर घरी, नाहीतर लग्न लावून द्यायचं, आणि मागणी घालणाऱ्याची आधी चौकशी. चांगलंच काम. पण, आणि हा पण मोठा आहे, श्रीमंत चिनी घरांत मुई त्साय म्हणून विकत घेतलेल्या लहान मुली धुणीभांडी करायच्या, आणि सरन्यायाधीश स्मेल याला सरळ गुलामी म्हणाला तेव्हा हेच प्रतिष्ठित लोक उठले, म्हणे ही आमची रीत, गरिबाच्या पोरीला अन्न मिळतं. पळवलेली मुलगी वाचवायची, विकत घेतलेली ठेवायची. नव्या मुई त्साय ठेवायला बंदी आली ती १९२३ मध्ये.

१८९४ च्या मे महिन्यात प्लेग आला. ताइपिंगशानमध्ये घराघरात गोरे सोल्जर शिरले, सामान बाहेर काढून जाळलं, रोग्यांना बंदरातल्या हायजिया नावाच्या बोटीवर न्यायला लागले. लोकांना वाटलं तुंग वाह आपल्या बाजूने उभं राहील. समितीचा अध्यक्ष मध्यस्थी करायला गेला तर लोकांनी त्याच्याच पालखीवर दगड मारले, आणि गव्हर्नरने वस्तीसमोर युद्धनौका आणून उभी केली. अडीच हजारांवर माणसं गेली. त्यानंतर चौकशी बसली आणि तुंग वाहमध्ये पाश्चात्त्य वैद्यकी शिकलेला चिनी डॉक्टर आला.

दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत, मग पुण्यात. घरात शिरणारे सोल्जर, बाहेर फेकलेलं सामान, पुढे रँड आणि चापेकर, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

डिस्ट्रिक्ट वॉच १९४९ पर्यंत टिकलं. तुंग वाह आजही आहे, पो लेउंग कुकच्या तर शाळाच शाळा आहेत. ताइपिंगशानचा बराच भाग पाडला, तिथे आता ब्लेक गार्डन आहे, पोरं बास्केटबॉल खेळतात. आणि ते क्वाँग फुक देऊळ अजून आहे, आत ओळीने लावलेल्या पाट्या, धुराने काळ्या पडलेल्या.